मोडलंय काय, ते आधी विचारा

(सामुदायिक रेडिओ केंद्रावरून झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिवेलागणीची वेळ आहे. कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी शेळ्या बांधून नुकतीच टेकली असेल. हातातलं काम थांबवू नका. मध्ये एकदा मी वही घ्यायला सांगेन, तेव्हा घरातल्या शाळकरी पोराला हाक मारा, म्हणजे झालं.

आज मी कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहे. हा विषय आपला नाही म्हणून रेडिओ बंद करू नका. कित्येक गटांच्या, ग्रामसंघांच्या खोलीत एक कॉम्प्युटर असतो. कुणी देणगी म्हणून दिलेला, कधी योजनेतून आलेला, कधी शाळेनं नवा घेतल्यावर आपल्याकडे सरकवलेला. त्याच्यावर फडकं असतं, फडक्यावर हळदीकुंकवाची डबी असते आणि तो चालत नसतो. म्हणजे चालतो, पण सुरू करून चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळून यावं, तरी पडद्यावरचं चाक गरगर फिरतच असतं.

आमचाही असाच होता. त्याचं आम्ही काय केलं आणि ते करताना काय काय शिकलो, ते आज सांगते.

गोष्ट गेल्या दिवाळीच्या तोंडावरची, म्हणजे २०२५ची. मी आमच्या गटाची सचिव. गटाचे हिशेब वहीत असतात आणि कॉम्प्युटरवरही असतात. कर्ज कुणाला दिलं, हप्ता कुणाचा आला, लोणच्याच्या किती बरण्या गेल्या, सगळं. कॉम्प्युटर फार मंद झाला म्हणून मी तो टेम्पोत घालून तालुक्याच्या दुकानात नेला. दुकानदारानं तो सुरू करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हे भंगार आहे. ह्याच्यात नवीन विंडोज बसत नाही आणि जुनं आता बंद झालं. नवा घ्या. चौतीस हजारात चांगला देतो."

आमच्या गटाची शिल्लक होती ४१,००० रुपये. मी घरी आले, ठराव लिहून ठेवला आणि बैठकीत मांडला.

त्याच बैठकीत आमच्यातल्या एका ताईंचा कर्जाचा अर्ज होता. त्यांची मुलगी नर्सिंगला आहे. फीचा दुसरा हप्ता १८,००० रुपये, महिन्याच्या आत भरायचा होता. आता हिशेब तुम्हीच करा. एकेचाळीसमधून चौतीस गेले तर उरतात सात. म्हणजे एक तर कॉम्प्युटर, नाही तर फी. मी बोलत होते आणि त्या ताई खाली सतरंजीकडे बघत बसल्या होत्या. मला ते दिसत होतं. तरी मी बोलतच होते, कारण मला वाटत होतं की हिशेबाशिवाय गट चालणार कसा.

आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजी आहेत. अंगठा लावायच्या, आता सही करतात. त्या म्हणाल्या, "थांब गं. त्याचं मोडलंय काय, ते सांग आधी."

मी म्हटलं, "आजी, मोडलं असं काही नाही. जुना झालाय."

"जुनी तर मी बी झालेय. माझं काय करता मग?"

सगळ्या हसल्या. आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जातं बोथटलं तर टाकी लावून घ्यायचो आम्ही. जातं टाकून देत नव्हतो. दुकानदाराला विचारलंस का, काय मोडलंय म्हणून?"

मी विचारलं नव्हतं. चौतीस हजारांचा ठराव लिहून आणला होता आणि ह्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ठराव आठ दिवस पुढे ढकलला.

दिवाळीला माझी पुतणी घरी आली होती. ती डिप्लोमाला आहे. तिला म्हटलं, "बाई, एवढं बघ. मोडलंय काय, ते सांग." तिनं मला शेजारी बसवून एकेक गोष्ट दाखवली. ती मी आपल्या भाषेत सांगते.

लग्नघर डोळ्यापुढे आणा. आत एक स्वयंपाकीण आहे. तिच्यापुढे ओटा आहे. मागे धान्याची कोठी आहे. आणि दारात एक बाई नुसती रांगोळी काढायला बसवली आहे.

कॉम्प्युटरच्या पोटातही ह्या चौघी असतात. स्वयंपाकीण म्हणजे प्रोसेसर, खरं काम करणारा. ओटा म्हणजे रॅम. ओटा जेवढा मोठा तेवढी भांडी एका वेळी मांडता येतात. कोठी म्हणजे हार्ड डिस्क, तिथं सगळं साठवलेलं असतं. आणि रांगोळीवाली म्हणजे ग्राफिक्स. पडद्यावर जे जे दिसतं ते रेखाटून देण्याचं काम तिचं.

आपल्याकडच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्सचं वेगळं कार्ड बहुधा नसतं. रांगोळीवाली मुख्य बोर्डावरच बसवलेली असते. तिला स्वतःची जागा नसते, ती ओट्याचाच एक कोपरा मागून घेते. आधीच ओटा लहान, त्यात ही वाटेकरीण.

आता नव्या पद्धतीचा पडदा कसा असतो बघा. खिडकी उघडली की ती हळूच मोठी होत येते. तिच्या कडेला सावली पडते. मागचं थोडं आरपार दिसतं, काचेतून दिसावं तसं. दिसायला छान आहे, पण त्यासाठी काय करावं लागतं? उघडलेली प्रत्येक खिडकी वेगळ्या कागदावर काढायची, मग ते सगळे कागद एकावर एक ठेवून, सावल्या भरून, एक चित्र तयार करायचं. काही हललं की पुन्हा नवं चित्र. आणि हे सेकंदाला साठ वेळांपर्यंत. ह्या कामाला कंपोझिटिंग म्हणतात. दणकट ग्राफिक्स असेल तर ते चुटकीसरशी होतं. ग्राफिक्स अशक्त असेल तर अडखळत होतं. आणि ग्राफिक्सला ते जमतच नसेल, तर काम स्वयंपाकिणीच्या गळ्यात पडतं. भाकरी थापणाऱ्या बाईलाच दारातली रांगोळी काढायला लावली, तर तवा करपणारच!

म्हणून कॉम्प्युटर मंद असतो तेव्हा तो म्हातारा झालेला असतोच असं नाही. पुष्कळदा त्याची निम्मी शक्ती नटण्यात जात असते.

आता दुकानदार म्हणाला होता ते. त्याचं बोलणं खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. विंडोज १०ला कंपनीकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या. विंडोज ११ बसवायचं तर किमान ४ जीबी रॅम लागते, ६४ जीबी जागा लागते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ती जुन्या कॉम्प्युटरमध्ये नसते. इथपर्यंत त्याचं खरं. पण त्या तारखेला जुना कॉम्प्युटर काही बंद पडला नाही. आणि विंडोज सोडून दुसरी वाट आहे, हे त्यानं सांगितलं नाही.

ती दुसरी वाट म्हणजे लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहायला घेतला आणि पुढे जगभरच्या लोकांनी मिळून तो वाढवला. तो फुकट मिळतो, दुसऱ्याला दिलेला चालतो, त्यात चोरी नाही. केरळमध्ये सरकारी शाळांतली मुलं ह्याच जातीच्या कॉम्प्युटरवर शिकतात.

लिनक्सची एक गोष्ट मला फार आवडली. त्यात आतलं यंत्र एक आणि पडद्याची मांडणी वेगळी. मांडणीला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. ती आपल्याला निवडता येते. साडी तीच, पण शेतात जाताना कासोटा घालायचा की लग्नात पदर सोडायचा, ते आपण ठरवतो ना, तसंच. ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा ह्या नटलेल्या मांडण्या. एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी आणि माटे ह्या हलक्या.

ह्या हलक्या मांडण्यांतल्या एकीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २०११ साली ग्नोमनं आपलं रूप पार बदललं. नवं रूप ग्राफिक्सवर विसंबणारं होतं. ज्यांचं ग्राफिक्स तोकडं, त्यांच्यासाठी सुरुवातीला एक साधं रूप बाजूला ठेवलं होतं, २०१३ साली तेही काढून टाकलं. पण रूप बदललं तेव्हाच, ज्यांना जुनंच रूप बरं वाटत होतं, अशा लोकांनी ते उचललं, त्याला माटे नाव दिलं आणि आजपर्यंत चालवलं. एक्सएफसीई तर १९९६पासून आहे. म्हणजे जुन्या यंत्रांची काळजी वाहणारी माणसं जगात आहेत. आपण एकट्या नाही.

पण आमचंही पहिल्या फटक्यात जमलं नाही, तेही सांगते. आमचा कॉम्प्युटर म्हणजे इंटेलचा कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, ग्राफिक्स बोर्डावरचंच. पुतणीनं आधी कॉलेजात शिकलेलं लिनक्स लावून बघितलं, त्यावर ग्नोम होतं. ते विंडोजपेक्षाही मंद चाललं! माऊस हलवला की बाण मागून येई. मी म्हटलं, "राहू दे गं, दुकानदाराचंच खरं." ती म्हणाली, "काकू, चूक माझी आहे. म्हाताऱ्या बैलाला मी ट्रॅक्टरची ट्रॉली जुंपली."

मग तिनं लिनक्स मिंटची एक्सएफसीईवाली आवृत्ती आणली. तिला कमीत कमी २ जीबी रॅम चालते, नीट चालायला ४ बरी. त्यातही तिनं सावल्या आणि आरपार दिसणं बंद केलं. सेटिंगमध्ये 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' आहे, त्यात 'कंपोझिटर' असं पान आहे, तिथली बरोबरची खूण काढून टाकायची. एवढंच. खूण काढली आणि खिडक्या झटकन उघडायला लागल्या. ह्याची किंमत एकच. व्हिडिओ बघताना कधी कधी पडदा मधूनच आडवा फाटल्यासारखा दिसतो. हिशेब लिहिताना त्यानं काही बिघडत नाही.

तर आजींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मोडलं काहीच नव्हतं. ओटा लहान होता आणि रांगोळी मोठी होती.

आता वही घ्या. आपल्या गटाचा कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी काय करायचं, ते क्रमानं सांगते.

पहिलं. सगळ्यात आधी आपले हिशेब, फोटो, ठराव दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. दोन म्हणजे दोनच, एक नाही. आणि उतरवल्यावर त्या पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइली उघडतात का ते बघा. नवीन काही बसवताना एक पर्याय येतो, त्यात डिस्क पूर्ण पुसली जाते. तिथं बोट पडलं की दहा वर्षांचे हिशेब गेले. पीठ सांडलं तर गोळा करता येतं, हे नाही.

दुसरं. आत काय आहे ते लिहून घ्या. विंडोजमध्ये 'धिस पीसी' ह्या चित्रावर माऊसचं उजवं बटण दाबायचं आणि 'प्रॉपर्टीज' निवडायचं. तिथं रॅम किती ते दिसतं, आणि ३२ बिट की ६४ बिट तेही दिसतं. मात्र ३२ बिट दिसलं म्हणून लगेच निराश होऊ नका. ६४ बिटच्या यंत्रात कुणीतरी ३२ बिटचं विंडोज बसवलेलं असू शकतं. त्याच ओळीत 'एक्स सिक्स्टीफोर बेस्ड प्रोसेसर' लिहिलं असेल तर यंत्र ६४ बिटचं आहे. खरोखरच ३२ बिटचं असेल तर मात्र वाटा थोड्याच उरल्या आहेत.

तिसरं. काही न बदलता आहे त्याच विंडोजमधली सजावट काढून बघा. 'सिस्टम प्रॉपर्टीज'मध्ये 'ॲडव्हान्स्ड', तिथं 'परफॉर्मन्स'च्या 'सेटिंग्ज' आणि तिथं 'ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' निवडा. पण एक खूण परत लावा, 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स' नावाची. ती काढली तर अक्षरांच्या कडा खरबरीत होतात, आणि आपल्या मराठीच्या मात्रा, वेलांट्या, रफार वाचता येत नाहीत. आठ दिवस असं चालवून बघा. मात्र विंडोज १० किंवा त्याहून जुनं असेल आणि सुरक्षा सुधारणा येत नसतील, तर त्यावर बँकेचं काम करू नका.

चौथं. लिनक्स बसवायच्या आधी चाखून बघा. ८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या. ज्याच्याकडे बरा कॉम्प्युटर आणि इंटरनेट आहे, त्याच्याकडून त्यावर लिनक्स उतरवून घ्या. डाउनलोड ३ जीबीच्या आसपास असतं. पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं, ध्यानात ठेवा. मग तो लावून कॉम्प्युटर सुरू करायचा आणि सुरू होताना पेनड्राइव्हवरून चालू करायला सांगायचं. त्यासाठी कुठे एफ १२, कुठे एफ ८, कुठे दुसरंच बटण असतं, पडद्यावर क्षणभर लिहून येतं. असं केलं की लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं, आपल्या डिस्कला हात लागत नाही. 'इन्स्टॉल'वर तेवढं बोट देऊ नका. पडदा काळाच राहिला तर घाबरू नका, मिंटच्या पहिल्या यादीत 'कंपॅटिबिलिटी मोड' असतो, तो घेऊन बघा. पेनड्राइव्हवरून ते जरा सावकाश चालतं. डिस्कवर बसवल्यावर वेग वाढतो.

पाचवं. चाखताना आपलं रोजचं काम करून बघा. प्रिंटर छापतो का? वायफाय लागतं का? आवाज येतो का? हिशेबाची फाइल लिबर ऑफिसमध्ये उघडते का, बेरजा बरोबर येतात का? आमच्या २०१४च्या काही फाइली उघडल्या तर मराठीऐवजी इंग्रजीतली गिचमीड अक्षरं आली. मी तर हबकलेच. फाइली बिघडल्या नव्हत्या. त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या, आजच्या युनिकोडमध्ये नव्हत्या. त्या जुन्या कॉम्प्युटरवरच उघडून छापून घेतल्या आणि लागतील तेवढ्या नव्यानं टाइप केल्या. तुमच्याकडे असं असेल तर बदल करण्याआधीच छापून घ्या.

ग्राफिक्सचं काय आहे तेही इथंच बघता येतं. सिस्टमची माहिती उघडली की ग्राफिक्सपुढे नाव येतं. तिथं 'एलएलव्हीएमपाइप' असं विचित्र नाव दिसलं, तर समजा रांगोळीवाली कामावर नाही, सगळं स्वयंपाकीणच काढते आहे. मग हलकीच मांडणी घ्यायची आणि सजावट बंद ठेवायची.

सहावं. थोडा खर्च करायचा तर कुठे करायचा? रॅम आणि डिस्क. आम्ही रॅम २ची ४ जीबी केली आणि जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी घातली. दोन्ही मिळून २,१०० रुपये लागले. रॅमची कांडी डीडीआर २ आहे की डीडीआर ३, ते बघूनच घ्या, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. जुनी कांडी काढून दुकानात सोबत नेलेली बरी. आणि बोर्डावर नाण्याएवढा एक गोल सेल असतो, तोही बदला. तो संपला की कॉम्प्युटरची तारीख मागे जाते. तारीख चुकली की बँकेची वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही आणि आपण इंटरनेटला बोल लावत बसतो. आमचं असं सहा महिने चाललं होतं.

सातवं. हे सगळं जमलं, चार बायकांनी चालवून बघितलं, मगच बसवा.

वही ठेवली तरी चालेल.

आता पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगते. मी आणि पुतणीनं कॉम्प्युटर सतरंजीवरच मांडला. तिनं पंख्याची धूळ झाडली होती. तो सुरू केला आणि एका मिनिटाच्या आत पडदा आला. आजी म्हणाल्या, "चहा नाही टाकला तुम्ही अजून?" मी चौतीस हजारांचा ठराव मागे घेतला, तसं इतिवृत्तात लिहिलं. त्याच बैठकीत त्या ताईंचं १८,००० रुपयांचं कर्ज मंजूर झालं. दहा हप्त्यांत फेडायचं ठरलं. त्यांची मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि हप्त्यांची नोंद त्याच जुन्या कॉम्प्युटरवर होते.

पण एवढं ऐकून जुनं ते सगळं चांगलं आणि दुकानदार सगळे वाईट, असा अर्थ काढू नका. लिनक्सवर काय जमलं नाही, तेही सांगायला पाहिजे. आमचं अंगठ्याचं यंत्र त्यावर चाललं नाही, ते फक्त विंडोजसाठी होतं. त्या कामाला आम्ही गावातल्या सेवा केंद्रात जातो. ज्या गटाचं रोजचंच काम असल्या यंत्राचं आहे, त्यांना विंडोजचा कॉम्प्युटर घ्यावा लागेल, त्याला इलाज नाही. प्रिंटर छापतो, पण त्याचं स्कॅनिंग चालत नाही, मग मोबाइलवर फोटो काढून भागवतो.

आणखी एक. पडद्याची मांडणी हलकी केली म्हणून वेबसाइटी हलक्या होत नाहीत. ब्राउझर हा आजकाल सगळ्यात खादाड. आम्ही एका वेळी दोनच पानं उघडतो, हा आमचा नियम. नव्या प्रकारचे व्हिडिओ उलगडायला जुन्या ग्राफिक्सला येत नाही, ते ओझंही प्रोसेसरवर पडतं. म्हणून मुलींना शिकवणीचा व्हिडिओ बघायचा असेल तर चित्राचा दर्जा ३६०वर ठेवायचा. फळ्यावरचं दिसतं तेवढं.

आणि रॅम एकच जीबी असेल, वाढवायला खाच नसेल, बोर्ड फुगला असेल, तर त्याच्यामागे पैसा घालू नका. तो खरोखर मोडलाय. मग डिस्क काढून आपल्याकडे ठेवा, तिच्यात आपल्या बायकांचे आधार क्रमांक आणि खात्यांचे आकडे असतात. आणि उरलेलं भंगारवाल्याला देऊन तारांसाठी जाळायला लावू नका, तो धूर विषारी असतो. देशात ई-कचऱ्याचे नियम आहेत, नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, त्यानुसार नोंदणी झालेल्या केंद्राकडेच तो जायला हवा. ग्रामसंघातर्फे चार गावांचं एकत्र करून पाठवलं तर सोपं जातं.

शेवटी आपल्या बायकांबद्दल एक गोष्ट बोलते आणि थांबते.

नवं लिनक्स बसल्यावर सुरुवातीला सगळ्या पुतणीलाच फोन करायच्या. मी पण. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "काकू, मी कॉलेजला गेल्यावर काय करणार?" मग आम्ही पासवर्ड तिघींना दिला, कागदावर लिहून पाकिटात घालून गटाच्या पेटीत ठेवला, आणि दर बैठकीला एकीनं कॉम्प्युटर सुरू करायचा असं ठरवलं. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट शिकतो आहोत. त्यात डाव्या हाताला स्वर-मात्रा आणि उजव्या हाताला व्यंजनं असतात. इंग्रजीच्या के वर आपला क आणि डी वर पाय मोडायचा. इंग्रजी येत नाही ही अडचण त्यात येतच नाही. पंधरा दिवस बोटं चुकली, आता बरी चालतात. त्या नर्सिंगच्या मुलीची आई परवा स्वतःचा हप्ता स्वतः टाइप करत होती. एका बोटानं करत होती, पण नाव, रक्कम आणि तारीख तिघंही बरोबर होतं.

मैत्रिणींनो, आपल्याला कुणीही सांगतं, हे जुनं झालं, टाका, नवं घ्या. कधी ते खरंही असतं. पण पैसा गटाचा आहे. दहा-दहा, वीस-वीस रुपयांनी साठवलेला आहे. तो देण्याआधी एकच प्रश्न विचारा, आमच्या आजींनी विचारला तो. मोडलंय काय? उत्तर समजेल असं मिळालं तर खुशाल खर्च करा. नाही मिळालं, तर आठ दिवस थांबा.

घरी जा, फडकं उचला, हळदीकुंकवाची डबी बाजूला ठेवा आणि एकदा सुरू करून बघा.